बाईंच्या पणजीचं मातीचं घर

माझी मुलगी दुसऱ्याच कुणाच्या तरी पणजीची गोष्ट मोठ्याने वाचत होती आणि मी शेजारी कणीक मळत होते. ऑगस्टचा महिना, जपानातला उन्हाळा, एसी लावलेला, खिडक्या बंद, तरी खालच्या झाडावरच्या सेमी किड्यांची किरकिर घरात येत होती. मुलगी पाचवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या मुलांना आपल्या आवडीचा एक विषय घेऊन त्यावर काहीतरी करून न्यावं लागतं. कुणी मुंग्या पाळतं, कुणी सावलीची लांबी मोजतं. यंदा वर्गशिक्षिकेने सांगितलं होतं की ज्यांना हवं त्यांनी जुन्या माणसांचं घर हा विषय घ्यावा. मुलीने तो घेतला. आणि जुनं माणूस म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंना घेतलं.

बाई अमेरिकन आहेत. तरुणपणी इंग्रजी शिकवायला इथे ओसाकाला आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, तो गेला आणि या राहिल्या. सत्तरी ओलांडली आहे. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात, म्हणून मी त्यांना बाई म्हणते. मुलगी ग्रॅन म्हणते. तिची सख्खी आजी गावाहून फोनवर "बोल की गं माझ्याशी दोन शब्द" म्हणते, तेव्हा ही "हाय आजी" म्हणून फोन माझ्या हातात देते. ग्रॅनकडे गेली की तासभर तोंड मिटत नाही.

बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत, ते आधी सांगते. आम्ही इथे नवे आलो, नवरा कारखान्यात मशीनवर, त्याला पुण्याच्या कंपनीने पाठवलेलं, आणि मी आठवीतून शाळा सोडलेली, भाषा शून्य. पहिल्याच आठवड्यात कचरावाले आमची पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून जागेवरच ठेवून गेले. मला वाटलं, आता पोलीस येणार. मी दिवसभर दार उघडलं नाही. शेवटी बाईंनी बेल वाजवली. माझ्या सिंकपाशी उभं राहून बाटली कशी धुवायची, टोपण कुठे, कागद कुठे, ते हाताने करून दाखवलं. शाळेच्या चिठ्ठ्या त्या वाचून देतात. मुलीला ताप चढून आकडी आली तेव्हा अँब्युलन्समध्ये माझ्याबरोबर त्या बसल्या, घरातल्या चपला घालूनच.

उपकार केलेल्या माणसाचा हेवा वाटू नये म्हणतात. वाटतो. जास्तच वाटतो, कारण तो कुणाजवळ काढता येत नाही.

तर पणजी. बाईंचे पणजोबा आणि पणजी कापडी छताच्या बैलगाडीतून अमेरिकेच्या पश्चिमेला निघाले. सरकार म्हणत होतं, तिकडे जा, राहा, जमीन कसून दाखवा, मग ती तुमची. गेले तर नुसतं गवत. झाड म्हणून नाही. घराला लाकूड कुठून आणणार? मग त्यांनी नांगराने गवतासकट मातीच्या ढेपा कापल्या आणि विटांसारख्या एकावर एक रचून घर उभं केलं. पावसात छतातून चिखल गळायचा. एकदा जेवताना वरून साप पडला ताटाशेजारी. पणजीने माहेरून गोधडीत गुंडाळून खिडकीची एकच काच आणली होती. सगळा प्रवास ती मांडीवर घेऊन बसली होती. ती काच त्या मातीच्या भिंतीत बसवली तेव्हा, बाई म्हणतात, पणजी पहिल्यांदा हसली.

हे सगळं बाई नुसतं सांगत नाहीत, फोटो दाखवतात. घरासमोर खुर्च्या मांडून अख्खं कुटुंब बसलंय. पणजोबांची दाढी, पणजीचे मिटलेले ओठ, मांडीवर पोर. मागे भिंतीत ती काच चमकतेय. मुलगी त्या फोटोवरून बोट फिरवत विचारायची, ही कोण, तो कोण, आणि बाईंना सगळी नावं पाठ.

"आणि आई, माहितीये, त्यांच्याकडे लाकूड नव्हतं ना, तर ते रानातलं वाळलेलं शेण गोळा करून जाळायचे. सुगोई ना?"

सुगोई म्हणजे भारी. मी कणकेचा गोळा परातीत आपटला. रानशेणी. माझी आई पाटी घेऊन माळावर रानशेणी वेचायची, मी तिच्या मागे. शाळेत पोरी नाक धरायच्या. तेच बाईंच्या पणजीने केलं तर सुगोई.

नवरा जेवताना हसला. "अगं, आपली सोयरीक थेट अमेरिकेत झाली म्हणायची. पणजी सासू मिळाली."

"तुम्हाला गंमत वाटते. तिला आपल्याकडचं काही विचारावंसं वाटत नाही."

"तू कधी सांगितलंस?"

काय सांगणार होते? आमचं गाव धरणात गेलं, हे? सरकारने दूरच्या तालुक्यात माळावर नवं गावठाण दिलं, पत्र्याच्या शेडी दिल्या आणि कागदोपत्री आमचं नाव धरणग्रस्त ठेवलं. बाईंच्या लोकांना त्यांच्या पुस्तकात वाट पाडणारे शूर लोक म्हणतात. आम्हालाही सरकारने गाडीत घालून उजाड माळावर सोडलं होतं. आजोबांनीही दगड वेचून वेचून रान केलं. पण आम्हाला शूर कुणी म्हटलं नाही. आणि आमच्याकडे फोटो नाही. जुन्या घराचा एकही नाही.

मुलीने आणि बाईंनी मिळून घराचा नमुना करायला घेतला. बाईंच्या घरामागे चार हात हिरवळ आहे. तिच्यावर कुणाचा पाय पडला तरी त्यांचं तोंड कडू होतं. त्या हिरवळीच्या एका कोपऱ्यातून त्यांनी माझ्या मुलीला ढेपा कापू दिल्या. बिस्किटाएवढ्या ढेपा, गवताची बाजू खाली करून, एका लाकडी फळीवर. बेंतोच्या, म्हणजे विकतच्या जेवणाच्या डब्याचं पारदर्शक झाकण कापून खिडकीची काच केली. मी मुद्दाम बर्फाचं ताक घेऊन खाली गेले. दोघी गुडघ्यांवर बसलेल्या, हात कोपरापर्यंत चिखलाचे, डोक्याला डोकं लावून. मुलीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तिथे ठेव," म्हणाली.

माझ्या मुलीला चिखलात हात घालायला आवडतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घर पूर्ण झाल्यावर फळी आमच्या बाल्कनीत आली, कारण खाली मांजर त्यावर बसायचं. दोन दिवस झाले, तिसऱ्या दिवशी घरातली जमीन तडकायला लागली. समोरची जागा भुगा भुगा झाली. मुलगी शाळेच्या सुट्टीतल्या पोहण्याच्या तासाला गेली होती. मी कपडे वाळत घालताना ते बघत होते. बघवेना. ज्या घराची जमीन सारवलेली नाही ते कसलं घर? भेगा पडलेल्या जमिनीवर आमच्याकडे कुणी पाट मांडत नाही.

आधी वाटलं, नुसत्या भेगा बुजवू. कढीपत्त्याच्या कुंडीतली माती चाळली, चहाचा चोथा कुटून घातला, पाणी घालून सरसरीत केलं आणि दोन बोटांनी आत सारवलं. बोटांना सगळं आठवत होतं. आईसारखेच अर्धगोल उमटले, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. आतलं झाल्यावर अंगण राहिलं. अंगण झाल्यावर दार तसंच उघडं दिसायला लागलं, म्हणून जेवायच्या काडीचा तुकडा मोडून उंबरा बसवला. उंबरा बसवल्यावर तो रिकामा कसा ठेवायचा? हळदकुंकू लावलं. मग तांदळाच्या पिठाने चार ठिपक्यांची रांगोळी.

मागे सरून बघितलं आणि इतकं छान वाटलं म्हणून सांगू. आता ते घर झालं होतं.

मुलगी आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. बाल्कनीचं दार सरकवून तिथेच थांबली.

"नानी कोरे?" हे काय, असं जपानीत. चिडली की तिची मराठी पळून जाते.

"भेगा पडल्या होत्या बाळा. नीट करून दिलं."

"हे ग्रॅनचं घर आहे! तुझं नाही!" हे मराठीत होतं, अगदी स्वच्छ. "अमेरिकेत रांगोळी असते का? तू नेहमी सगळं आपलंच करतेस!"

फळी उचलून ती तरातरा जिना उतरली. मी मागे धावले, एका पायात चप्पल, मनात एकच धाकधूक: आता बाई काय म्हणतील. ज्यांनी हिरवळ कापू दिली, त्यांच्या पणजीच्या दारात मी कुंकू लावून ठेवलं. या वयाच्या, या देशात एकट्या बाईच्या मनाला लागलं तर? मी दारातच कमरेत वाकून सुमिमासेन, सुमिमासेन म्हणायला लागले. माफी मागायचे शब्द मला उत्तम येतात, तेच आधी शिकले.

बाईंनी चष्मा लावला. फळी जेवणाच्या टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिली. आमचं बोलणं मोडक्या जपानीत चालतं, अडलं की मुलगी जोडून देते. त्या दिवशी ती फुगून बसली होती तरी जोडून देत होती.

"ओकासान," बाई म्हणाल्या. इथे मुलांच्या आयांना सगळे असंच म्हणतात, आई. "सुंदर आहे. पण माझी पणजी रविवारी चर्च चुकवायची नाही. दारात हा लाल ठिपका बघून तिने पाद्र्याला बोलावलं असतं."

मुलगी फिसकन हसली. बाईही हसल्या. त्या दोघींचं ते एका सुरातलं हसू मला झोंबलं. मी सारवलेलं घर आणि त्यावर ह्या दोघी हसणार.

मुलीला बरं वाटावं म्हणून बाईंनी गोष्ट पुन्हा लावली. गाडी, गवत, काच. "विचार कर," त्या तिला म्हणाल्या, "नजर जाईल तिथपर्यंत मोकळी जमीन. एक माणूस नाही."

"एकही नव्हता?" मी विचारलं.

खरं तर ते विचारणं नव्हतं. टोचणं होतं. कुठल्याही माळावर माणूस नसतो असं होत नाही, हे मला चांगलं माहीत होतं आणि कुठे टोचायचं तेही माहीत होतं. बाईंनी चष्मा काढला. रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"होते," त्या म्हणाल्या. "आधीचे लोक होते. त्यांना हाकललं होतं. आमच्या घरात ते सांगायचे नाहीत. मी मोठी झाल्यावर वाचलं." आणि जवाचा थंड चहा आणायला आत गेल्या.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती. लहान मुलांना आवाजातला काटा बरोबर कळतो.

"आणि तुझ्या घरी?" ती म्हणाली. "तुझ्या घराच्या आधी कोण होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं घर विचारलं होतं. आणि विचारलं तेही असं, ग्रॅनची बाजू घेऊन.

मग मला सांगावंच लागलं. की आमचं एक घर नव्हतं, दोन होती. पहिलं नदीकाठी डोंगरात. तिथे धरण बांधलं, पाणी चढलं, तेव्हा माझी आई नवी नवरी होती, हळदीचे हात घेऊन ट्रकात बसली. आजोबांनी जुन्या घराची दाराची चौकट काढून ट्रकात घातली आणि नाचणीच्या बियाण्याची गाठोडी. नव्या रानात नाचणी आलीच नाही. पण चौकट उभी राहिली, पत्र्याच्या शेडीला सागवानी चौकट. माझा जन्म त्या शेडीतला.

आणि ती जमीन मोकळी नव्हती. सरकारने तिथल्याच एका शेतकऱ्याची काढून आम्हाला दिली होती. तो म्हातारा दर सुगीला यायचा आणि बांधावर उभा राहायचा. भांडायचा नाही, काही नाही. नुसता पिकाकडे बघायचा. आजोबा पाणी घेऊन जायचे तर घ्यायचा नाही. तरी आजोबा भरलेला तांब्या बांधावर ठेवून यायचे. त्याची नातवंडं हायस्कुलात माझ्या वर्गात होती. "आमच्याच रानात राहायचं आणि वर आमच्याच बाकावर बसायचं होय गं?" म्हणायची. आठवीत मी दप्तर ठेवलं ते ठेवलंच.

बाई चहा घेऊन कधीच्या दारात उभ्या होत्या. मुलगी त्यांना भराभर जपानीत सांगत होती. माझी गोष्ट तिच्या तोंडून दुसऱ्या भाषेत जाताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग पहिलं घर?" मुलीने विचारलं. "ते आता कुठंय?"

"पाण्याखाली."

"उसो!" म्हणजे थापा.

"थापा कशाला मारू? दर उन्हाळ्यात पाणी ओसरतं, मे महिन्यात. तेव्हा वर येतं. भिंती नाहीत आता, जोतं तेवढं आहे. आम्ही सगळे टेम्पोने जायचो. तुझी आजी आधी गाळ काढायची, मग जोतं झाडायची, सारवायची. उंबऱ्याचा दगड धुऊन हळदकुंकू वाहायची. रांगोळी काढायची. तीन दगडांची चूल मांडून नैवेद्य करायची. गावातल्या सगळ्या बायका आपापल्या जोत्यावर. प्रत्येक घरातून धूर. आम्हा पोरांना सांगायच्या, उड्या मारू नका, ती भिंत आहे, दारातून या. भिंत नव्हतीच. आम्ही दारातूनच यायचो."

मुलगी फळीकडे बघत होती. सारवलेल्या अर्धगोलांकडे.

"आणि मग?"

"मग पाऊस पडला की परत पाण्यात."

तिने एका अर्धगोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे आत्ता तुमच्या घरात मासे आहेत?"

"असतील."

"चुलीपाशी पण?"

"चुलीपाशीच जास्त. तिथे ऊब असेल."

ती हसली. या वेळी माझ्याबरोबर.

बाई खुर्चीत बसल्या. फोटो त्यांच्या हातातच होता. "आमच्या घरावरून नांगर फिरला," त्या म्हणाल्या. "पणजोबांनी जमीन विकली, नव्या मालकाने सगळं सपाट केलं. मी एकदा शोधायला गेले होते. मक्याचं शेत आहे. नेमकं कुठे होतं, कुणालाच सांगता येत नाही. तुला जाऊन उंबऱ्यावर उभं राहता येतं."

त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते मी इतकी वर्षं बाळगून होते, मला कसं कळणार नाही? आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्या पाण्यातल्या घराचा कुणाला तरी हेवा वाटला होता. लगेच शरमही वाटली, कारण त्यांनी कपात माझ्यासाठी साखर घातली होती. जवाच्या चहात इथे कुणी साखर घालत नाही. मला लागते म्हणून त्या घालतात.

सुट्टी संपल्यावर शाळेच्या जिममध्ये सगळ्यांचे प्रकल्प मांडले होते. मी कामावरून, बेंतो भरायच्या कारखान्यातून, तशीच गेले, बाईही आल्या. मुलीने रांगोळी पुसली होती, हळदकुंकू खरवडलं होतं, उंबऱ्याची काडी काढून टाकली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ते बाईंनी वाचून दाखवलं: ग्रॅनच्या पणजीचं घर. आतली सारवलेली जमीन तेवढी तशीच होती, ती निघतच नव्हती म्हणे. लोक येत होते, वाकून काच बघत होते, बाईंकडे बघून मान लववत होते. मी बाजूला उभी होते. कुणाला वाटलं असेल, या बाईचा इथे काय संबंध. रागवायला जागाच नव्हती. काम त्यांचं होतं, पणजी त्यांची होती. तरी मी काच सोडून आतली जमीनच बघत होते.

परत येताना फळीचं एक टोक मुलीने धरलं, एक मी. बाई आमच्यावर छत्री धरून चालत होत्या, ऊन अजून होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, पाणी मेमध्ये कधी ओसरतं?"

"शेवटी-शेवटी. का?"

"पुढच्या वर्षीचा विषय. जाऊया आपण. मला चुलीचा फोटो काढायचाय."

"तेव्हा तुझी शाळा असते."

"मी शाळेत सेन्सेईला सांगते ना. घर पाण्यात जायच्या आधी जावं लागतं, म्हणून सांगते." मग थोडं थांबून, "ग्रॅनला पण नेऊया?"

हातातली फळी जरा कलली. एक ढेप हलली, मी अंगठ्याने दाबून धरली. एवढी एक गोष्ट माझी होती, ती माझ्याकडे येऊन चार पावलं झाली नव्हती, तोवर तिच्यातही बाई.

"बघू," मी म्हणाले.

"तुझं बघू म्हणजे नाही."

"नाही असं कुठे म्हणाले मी?" सिग्नल हिरवा झाला, त्यातून चिमणीसारखी चिवचिव वाजायला लागली. "आधी तू आणि मी जाऊ. गाळ काढायचा असतो, झाडायचं असतं, सारवायचं असतं. ते सगळं व्हायला हवं. मग पाहुणे."

मुलीने ते बाईंना सांगितलं. किती सांगितलं, कसं सांगितलं, मला कळलं नाही. बाई चालता चालता माझ्याकडे बघून म्हणाल्या, बरोबर आहे, घाणेरड्या घरात पणजीनेही कुणाला येऊ दिलं नसतं. आणि छत्री थोडी माझ्या बाजूला सरकवली.